किती सुटलायस!

मराठीत जाड होण्याला ‘सुटणं’ म्हणतात. दोरी सुटते, तोल सुटतो, जनावर दाव्याला तटकन हिसका देऊन सुटतं आणि पोरगं हॉस्टेलला गेलं की सुटतं. मराठी मध्यमवर्गाची याबाबतची सगळी समजूत या एका क्रियापदात आहे: आम्ही धरून ठेवलं होतं तोवर नीट होता, हातातून निसटला आणि फुगला. त्यामुळे सुट्टीला घरी आलेल्या पोराला बॅग खाली ठेवायच्या आत जे ‘किती सुटलायस!’ ऐकू येतं, तो निकाल असतो. आरोपी समोर उभा, पुरावा शर्टाच्या बटणांवर ताणलेला, साक्षीदारांची गरजच नाही. शिक्षा म्हणून पुढचे पंधरा दिवस प्रत्येक ताटावर तेच ऐकायचं. जाताना वर फराळाचा डबाही न्यायचा.

हा निकाल चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे. नुसता चुकीचा असता तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. तो घातकही आहे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. वजनानं काही बिघडत नाही, शरीर असेल तसं छान, असं मी म्हणत नाहीये. इन्स्टाग्रामवरचं ते वाक्य आपल्या देशात जरा बेतानं वापरावं. आयसीएमआर-इंडिॲब या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साधारण १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांमध्ये जास्त वजनाच्या आणि लठ्ठ पुरुषांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १८.९ टक्के होतं. २०१९-२१ मध्ये ते २२.९ झालं. जगभर बीएमआय २५ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात. भारतीयांच्या बाबतीत डॉक्टर २३ लाच कान टवकारतात, कारण आपल्या शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त असते आणि साखर लवकर चढते.

म्हणजे आई-बाबा घाबरतात ते उगाच नाही. बाबा स्वतः रोज मेटफॉर्मिन घेतात. आजोबांच्या पायाचा अंगठा साखरेनं गेला, ती ड्रेसिंगं आईनं स्वतःच्या हातानं केली. विशीतल्या पोराचं पोट बघून तिच्या डोळ्यांसमोर तो पाय येत असेल, तर तिला दोष कोण देईल? माझं भांडण त्या भीतीशी नाही. ती भीती टोमण्याचा वेष घालून बाहेर पडते, त्या वेषाशी आहे.

आता आरोपीकडे वळू. पोरगं हॉस्टेलला जाऊन जाड होतं, हे अर्धंच खरं आहे. दिसायला लागतं ते हॉस्टेलला. पाया घातला जातो अकरावी-बारावीत, तुमच्या घरात, तुमच्या देखरेखीखाली. दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात बॅट माळ्यावर गेली. सकाळी सातला कॉलेज नावाचा क्लास, दुपारी क्लास नावाचा क्लास, रात्री डाउट्स. पीटीचा तास वेळापत्रकावर असायचा, त्यात गणिताचे सर यायचे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. लातूर, नांदेड, पुणे, कुठल्याही इंटिग्रेटेड बॅचचं वेळापत्रक घ्या आणि ती साठ मिनिटं शोधून दाखवा. जेवणाची सुट्टी आणि दोन लेक्चरांमधला जिना धरूनही भरणार नाहीत.

याच दोन वर्षांत घरात खाणं हे चलन होतं. टेस्ट चांगली गेली की पिझ्झा, वाईट गेली की ‘जाऊ दे रे बाळा’ म्हणून पावभाजी. रात्री जागायचंय म्हणून चकलीचा डबा टेबलावर. मेंदूला चांगलं म्हणून तुपाची धार. ‘दोन वर्षं कळ काढ, मग आयुष्यभर मजा’ हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं नाही असं मराठी घर मी पाहिलेलं नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी, हाडं आणि स्नायू घडायच्या वयात, मुलाला दिवसाचे चौदा तास खुर्चीत बसवायचा ठराव त्या घरात एकमतानं मंजूर झालेला असतो. आज तेच घर त्याला म्हणतं, ‘जरा हातपाय हलव की!’ हातपाय बांधले कुणी होते?

मग पोरगं पुण्याला येतं. मी आलो तेव्हा ६२ किलोचा होतो, चार वर्षांनी ८२ किलोचा अभियंता होऊन बाहेर पडलो. ‘पदवी घेतलीस की पोत्यानं उचललीस?’ असं आमच्या एका काकांनी भर मांडवात विचारलं होतं. मांडव हसला. आपल्याकडे जाड माणसावर हसायला परवानगी लागत नाही.

त्या वीस किलोंचा हिशेब करून बघू. किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. वीस किलो म्हणजे १ लाख ५४ हजार. चार वर्षांचे १,४६० दिवस. भागाकार केला की दिवसाला १०५ कॅलरी येतात, म्हणजे जवळपास एक तूप लावलेली पोळी. गणित ढोबळच आहे. वजन वाढतं तसं शरीर जाळतंही जास्त, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून मोठा असतो आणि शेवटच्या वर्षापर्यंत तो तीन-चार पोळ्यांवर गेला असेल. तरी त्यातून जे चित्र दिसतं ते अधाशी राक्षसाचं नाही. रोज दोन चहा जास्त, मेसपर्यंत चालत न जाता मित्राच्या बाइकवर मागे बसणं, संध्याकाळी मैदानाऐवजी लॅब. एवढ्यानं वीस किलो होतात. आमच्या धंद्यात सर्व्हरची मेमरी रोज थोडी थोडी गळत असेल, तर आम्ही सर्व्हरला आळशी म्हणत नाही. गळती कुठे आहे ते शोधतो.

गळत्या कुठे होत्या ते सांगतो. पहिली मेस. आमच्या मेसमध्ये चार पोळ्या, बटाट्याची किंवा बटाटा घातलेली भाजी, रस्सा नावाचं लाल पाणी, भात आणि डाळ. त्या डाळीत डाळ शोधायला डायव्हर लागला असता. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. सत्तर किलोच्या मुलाला साधारण ५८ ग्रॅम. मेसच्या दोन जेवणांत ती भरतील अशी आशा मेसमालकानेही कधी दाखवली नाही. पोळी-भातानं पोट गच्च भरायचं आणि दोन तासांत पुन्हा खा-खा सुटायची. सकाळी लेक्चर आठला, मेस उघडायची बाराला. मधल्या वेळात टपरी: क्रीमरोल, वडापाव, कटिंग. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, म्हणजे गाडीवरची भुर्जी आणि मोजायची नाहीत इतकी पावं. ज्या मुलाच्या हातात ना गॅस, ना फ्रिज, ना जेवायची वेळ, त्याला ‘खाण्यावर ताबा ठेव’ असं सांगणं म्हणजे लोकलच्या प्रवाशाला ‘गाडी हळू चालव’ म्हणण्यासारखं आहे.

दुसरी गळती झोपेची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि आमच्या हॉस्टेलमधली रात्र संपली. तीन वाजता झोपायचं, सातला उठायचं, लेक्चरला डुलक्या. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिल्यावर, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. भूक वाढली, त्यातही गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची जास्त. फक्त दोन रात्रींत. आम्ही तशा आठ सेमिस्टर काढल्या. रात्री एकला मॅगी करायला उठणारा मुलगा चारित्र्यहीन नसतो. त्याच्या रक्तात तसा निरोप फिरत असतो.

ज्यांना अजूनही भूक हा इच्छाशक्तीचा प्रश्न वाटतो, त्यांनी २०२५ मध्ये भारतात आलेल्या दोन इंजेक्शनांकडे बघावं. मौंजारो मार्चमध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये. आठवड्यातून एकदा टोचायची ही औषधं मुख्यतः भुकेवर काम करतात आणि माणसांचं वजन खरंच उतरतं. ती कुणी घ्यावी, कुणी नाही, हे डॉक्टर ठरवतील. मला त्यातला मुद्दा एवढाच दिसतो: जी गोष्ट आठवड्याच्या एका सुईनं बदलते, तिला संस्कारांची कमतरता कसं म्हणायचं?

आता उपायांकडे. घरी आलेल्या जाड मुलावर होणारे उपचार सगळ्या महाराष्ट्रात सारखेच आहेत. सकाळी उठल्यावर फॅमिली ग्रुपवर जिरेपाणी, मध-लिंबू, मेथीदाणे. नाश्त्याला मावसभावाची तुलना: ‘तो बघ, दर शनिवारी ट्रेकला जातो.’ जेवताना आई पोळ्या मोजते, मोठ्यानं. आणि चौथ्या पोळीला ‘बास आता’ म्हणणारी तीच आई पाचव्या मिनिटाला म्हणते, ‘पुरणाची आहे रे, एक घे, एवढ्यानं काय होतंय.’ नाही म्हटलं तर ती रुसते, घेतली तर बाबा बघतात. एकाच घरातून एकाच वेळी दोन उलट आदेश येत असतील, तर कुठलीही यंत्रणा लटकणारच.

मग आहार. २०१८-१९ च्या आसपास मराठी घरांत दीक्षित की दिवेकर असा जवळजवळ सांप्रदायिक वाद होता. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवा हे एकीकडे आणि थोडं थोडं, घरचं, तूप-भातासकट खा हे दुसरीकडे. कोण बरोबर हा माझा विषय नाही. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात आहे. हॉस्टेलच्या मुलाच्या ताब्यात मोबाइलचा चार्जरसुद्धा नसतो. सुट्टीत दोन आठवडे लादलेली पद्धत मेसच्या पहिल्या ताटाला कोसळते. मग घर म्हणतं, ‘बघ, तुला जमतच नाही.’

या बोलण्याचा काही उपयोग होतो का? प्रश्न हृदयाचा नाही, परिणामाचा आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांच्या बोलण्याचा अभ्यास होता. ज्या घरांत पालक मुलाच्या वजनाबद्दल बोलत होते, तिथली मुलं डाएटिंग आणि घातक मार्गांनी वजन उतरवण्याच्या खटपटी जास्त करत होती. ज्या घरांत बोलणं सकस खाण्याबद्दल होतं, तिथल्या जास्त वजनाच्या मुलांत हे प्रमाण कमी होतं. त्याच वर्षीच्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात, वजनावरून भेदभाव सोसावा लागला असं सांगणारी प्रौढ माणसं काही वर्षांनी लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट दिसली. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मलाही कळतं. पण टोमण्यांनी कुणी बारीक झाल्याचा पुरावा आणायची जबाबदारी आता टोमणे मारणाऱ्यांवर आहे.

पुरावा बाजूला ठेवा, घरात काय होतं ते बघा. पोरगं तुमच्यासमोर खायचं थांबतं. खायचं थांबत नाही. रात्री अकराला ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून खाली जातं आणि गाडीवर खाऊन येतं. शर्ट बाहेर काढून हिंडतं. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत जातं. मैदानावर जायला लाजतं, कारण तिथे धावताना दिसावं लागतं. गणपतीला सबमिशन असतं, दिवाळीला प्रोजेक्ट. तुम्हाला वाटतं मुलगा अभ्यासाला लागला. तो तुमच्या नजरेपासून लांब गेलेला असतो.

आणि मुलगे हे बोलत नाहीत. बहिणींना हे सगळं बाराव्या वर्षापासून ऐकावं लागतं, ‘उद्या कोण पसंत करणार’च्या पुरवणीसकट, आणि तो अन्याय याहून जुना आणि मोठा आहे. पण मुलींनी निदान एकमेकींशी यावर बोलायची सोय करून घेतली आहे. मुलांच्या वाट्याला अठरापर्यंत ‘खाऊ दे, वाढतं वय आहे’ येतं आणि मग एकदम ‘ढोल्या’. मित्रांमध्ये ‘ढोल्या’ हेच नाव पडतं, त्याला त्यानं हसायचं असतं. ‘मला वाईट वाटतं’ हे वाक्य कुठल्या कट्ट्यावर म्हणायचं?

इथे मला आमच्या मजल्यावरच्या एका मुलाबद्दल लिहायचं आहे. तिसऱ्या वर्षात त्याचं वजन पंधरा किलोनं वाढलं. दुपारी दोनपर्यंत झोपायचा. अंघोळ तीन-तीन दिवस नाही. घरच्यांना फोटोत फक्त पोट दिसलं. बापानं वर्षाची जिमची फी भरली, एकरकमी, आणि रोज रात्री फोनवर ‘गेलास का?’ हा एकच प्रश्न. एका सीनियरनं त्याला धरून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. नैराश्य होतं. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत तो आमच्याबरोबर सकाळच्या लेक्चरला यायला लागला, विनोद करायला लागला. वजन आणखी थोडं वाढलं. मिर्टाझापिन, ओलांझापिन अशा काही औषधांनी वजन वाढतं, हे खरंच आहे. यावर डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं.

सुट्टीत घरी गोळ्यांचं पाकीट सापडलं. आईनं नाव टाकून सर्च केलं, पहिल्याच ओळीत ‘वेट गेन’. ‘या गोळ्यांनीच सुटलायस तू!’ गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या, सगळ्या, एकदम. जानेवारीत तो परत आला तेव्हा सहा किलो उतरला होता. घरच्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवले, अभिनंदनाचे अंगठे आले. तो जेवत नव्हता, हे त्या फोटोत दिसत नव्हतं. फेब्रुवारीत एका रात्री आम्ही चौघांनी त्याला रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेलं. तो वाचला. एक वर्ष गेलं, पण वाचला, आता बरा आहे आणि त्याला विचारूनच मी हे लिहितोय. त्याचे आई-वडील वाईट लोक नाहीत. आयसीयूच्या बाहेर त्या माउलीचा जीव बघवत नव्हता. पण मुलाची तब्येत मोजायला त्यांच्याकडे एकच यंत्र होतं, वजनकाटा. काटा उतरत होता तोपर्यंत त्यांना सगळं ठीक दिसत होतं.

हा काटा तसाही फार भरवशाचा नाही, आणि हे सांगणारं संशोधन आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीवाला, हे भारतीय शरीराचं वैशिष्ट्य. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर असं दिसलं, की आपली बाळं जन्मतःच वजनानं कमी असतात, पण त्या मानानं त्यांच्या अंगावर चरबी जास्त असते. म्हणजे काही भाग आईच्या पोटातच ठरून येतो. तिथे कुणाची इच्छाशक्ती कमी पडली होती? आणि याचा व्यवहारातला अर्थ असा, की ट्रेकला जाणाऱ्या त्या सडपातळ मावसभावाची साखरही एकदा तपासायला हवी. त्याला कुणी काही म्हणत नाही, कारण तो फोटोत बरा दिसतो. आपल्याला काळजी आजाराची आहे की फोटोची, हे इथे उघडं पडतं.

‘आमच्या वेळी असं नव्हतं,’ हा मुद्दा उरतो. नव्हतं, मान्य. आमचे वडील कॉलेजला सायकलनं गेले आणि मेसमध्ये मोजून खाल्लं, कारण मनीऑर्डर मोजून यायची. नोकरी लागली, स्कूटर आली, गाडी आली आणि पस्तिशीत तेही सुटले. तेव्हा त्याला ‘अंगानं भरलास’ म्हणाले, खात्यापित्या घरचा म्हणाले. आम्ही विशीत सुटलो. फरक स्वभावाचा नाही, पंधरा वर्षांचा आहे. पण तो पंधरा वर्षांचा फरक भयंकर आहे, कारण तेवढी वर्षं जास्त आमची स्वादुपिंडं ओझं वाहणार. बाबांना पन्नाशीत लागलेली गोळी आम्हाला तिशीत लागू शकते. एवढ्या गंभीर गोष्टीवर आपल्या घरांकडे उपाय काय, तर जिरेपाणी आणि टोमणा.

‘मग आम्ही काहीच बोलायचं नाही का?’ बोला. वजन सोडून बाकी सगळं बोला. झोप लागते का, किती वाजता? मेसचं जेवण कसं आहे? संध्याकाळी कुणाबरोबर असतोस? या तीन प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली, तर वजनाचं कारण तुम्हाला आपोआप कळेल आणि नैराश्य असेल तर तेही दिसेल. तो स्वतःहून बोलत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर त्याला द्या आणि स्वतःही लावा. गोळ्या चालू असतील, तर घरात बसून एकही बंद करू नका.

पैसे टाकायचेच असतील, तर न वापरल्या जाणाऱ्या जिमवर नका टाकू. रोजची चार अंडी किंवा पनीर-दूध, दोन फळं, एक छोटा कुकर, परवानगी असेल तर फ्रिज आणि मैदानाजवळची खोली, भले ती पाचशे रुपयांनी महाग असो. तो सुट्टीला येईल तेव्हा त्याच्यासाठी वेगळं उकडलेलं ताट मांडू नका. सगळ्या घराचं ताट बदला. तेलाची बुधली सगळ्यांसाठी छोटी करा. संध्याकाळी त्याला ‘चालायला जा’ म्हणू नका, ‘चल’ म्हणा. आणि धाकटा अजून अकरावीत असेल, तर माळ्यावरची बॅट आजच खाली काढा. त्याच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही.

आणि तपासणी करा, पण सगळ्यांची. एचबीए१सी, लिपिड, थायरॉइड, रक्तदाब, आणि शिंप्याच्या टेपनं कंबर. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर डॉक्टरांना दाखवायची. टेप आधी बाबांनी लावायची. पोराला एकट्याला लॅबमध्ये पाठवलं की ती शिक्षा होते. चौघं गेले की ती घराची कामाची गोष्ट होते, वीजबिल भरण्यासारखी.

हे वाचणारे बरेच जण माझ्याच वयाचे किंवा धाकटे असतील, त्यामुळे शेवटचं तुमच्याशी. तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी पाणी येतं. आज तुम्ही हा लेख टाका. लांब आहे म्हणून कुणी वाचणार नाही, ठाऊक आहे. मग खाली फक्त एवढं लिहा: रविवारी सकाळी साडेसातला लॅबवाला घरी येतोय, सगळ्यांनी उपाशीपोटी राहायचं, बाबांनीसुद्धा.